फाळक्यांच्या घरातील चित्रशाळा

नाशिकपासून काही मैलांवर, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी, त्र्यंबकेश्वर हे प्रसिद्ध क्षेत्र आहे. या क्षेत्री ३० एप्रिल १८७० रोजी एका विद्वान शास्त्र्यांच्या घरी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. पुढे हेच धुंडिराज दादासाहेब फाळके या नावाने सर्व देशास परिचित झाले. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून आज त्यांचे नाव आदराने घेतले जाते. परंतु भारतातील ही नवी कला कोणा धनिकाच्या कारखान्यात वाढली नाही. एका सामान्य कुटुंबाच्या राहत्या घरात, चुलीच्या आणि मुलांच्या खेळाच्या शेजारीच ती वाढीस लागली. त्या घराची ही हकीकत आहे.

धुंडिराजांचे वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे पंडित होते. त्यांच्या घरी पुराणांचे पठण आणि पूजाअर्चा नित्य चालत असे. हरिश्चंद्र, श्रीकृष्ण, श्रीराम यांच्या कथा धुंडिराजांच्या कानांवर बालपणापासून पडत होत्या. पुढे वडील मुंबईस संस्कृतचे अध्यापक म्हणून गेले आणि कुटुंबही त्यांच्यासमवेत मुंबईस आले. धुंडिराजांना चित्रे काढण्याची विलक्षण हौस होती. त्या काळी शास्त्र्याच्या मुलाने शास्त्रीच व्हावे अशी लोकांची समजूत असे. तरीही घरच्या मंडळींनी त्यांची आवड मोडून काढली नाही. १८८५ मध्ये मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत त्यांनी नाव घातले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात राहून त्यांनी चित्रकला, छायाचित्रण आणि छपाईची निरनिराळी तंत्रे आत्मसात केली. शिकावे, करून पाहावे, आणि एक गोष्ट साधली की दुसरीकडे वळावे, असा त्यांचा स्वभावच बनून गेला.

या स्वभावामुळे त्यांना सुख फारसे लाभले नाही. गोध्र्यास त्यांनी छायाचित्रकाराचा व्यवसाय मांडला. पण तेथे प्लेगच्या साथीत त्यांची प्रथम पत्नी आणि मूल ही दोघेही दगावली. फोटो काढल्याने माणसाचे आयुष्य घटते अशी भीती त्या काळी अनेकांच्या मनात होती. तिचाही त्यांच्या व्यवसायास उपद्रव झाला. मध्यंतरी ते जादूचे प्रयोग शिकले. आपल्या आडनावातील अक्षरांची उलटापालट करून प्रोफेसर केळफा असे गमतीचे नाव त्यांनी धारण केले होते. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात त्यांना नोकरी मिळाली. परंतु स्वतंत्र उद्योग करण्याच्या ओढीने ती त्यांनी सोडली. नंतर लोणावळ्यास त्यांनी छापखाना काढला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीसही जाऊन आले. पुढे भागीदारांशी मतभेद झाले आणि ज्या छापखान्यासाठी इतके कष्ट उपसले, तो सोडून त्यांना रिकाम्या हाताने बाहेर पडावे लागले. त्या वेळी त्यांचे वय चाळिशीच्या घरात होते. पदरी मुलेबाळे होती आणि उत्पन्नाचे निश्चित साधन असे काहीच उरले नव्हते.

त्यांचा दुसरा विवाह १९०२ मध्ये झाला होता. सरस्वतीबाई या किर्लोस्कर नाटक मंडळीच्या मालकांच्या नात्यातील होत्या. शाळेचे शिक्षण त्यांना विशेष लाभले नव्हते. पण कोणतीही नवी गोष्ट समजून घेण्याची तयारी आणि संकटात न डगमगण्याचे धैर्य हे दोन्ही गुण त्यांच्या ठायी पुरेपूर होते. पतीच्या डोक्यात रोज नवी कल्पना उगवत असे. तिला वेड म्हणून हिणवावे की आपल्याही हाताने तिला खतपाणी घालावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे वारंवार उभा राहिला. त्यांनी दर वेळी दुसरा मार्ग पत्करला.

१९११ च्या सुमारास एके दिवशी दादासाहेब आपल्या थोरल्या मुलाला, भालचंद्राला, घेऊन गिरगावातील एका चित्रपटगृहात गेले. पडद्यावर हालणारी, धावणारी जनावरे पाहून तो मुलगा थक्क झाला. घरी येताच त्याने आईला आणि इतरांना सारे वर्णन करून सांगितले. भिंतीवरच्या पडद्यात जिवंत प्राणी फिरतात, ही गोष्ट घरात कोणालाच खरी वाटेना. मुलाची कल्पना म्हणून ती हसण्यावारी नेता आली असती. दादासाहेबांनी तसे केले नाही. दुसऱ्याच दिवशी ते सर्व कुटुंबास चित्रपटगृहात घेऊन गेले. ईस्टरचा सण असल्याने त्या दिवशी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट लागलेला होता. तो पाहत असता दादासाहेबांच्या मनःचक्षूंपुढे राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहू लागली. आपल्या देशातील कथा आपल्या देशातील माणसांनी अशाच रीतीने पडद्यावर का आणू नयेत, या एका विचाराने त्यांना झपाटून टाकले.

त्या दिवसापासून फाळक्यांच्या घराची प्रयोगशाळा झाली. दादासाहेबांनी एक खेळण्यातले चलच्चित्रयंत्र आणि फिल्मचे काही तुकडे मिळवले. मेणबत्तीच्या उजेडात भिंगाच्या साहाय्याने ते घराच्या भिंतीवर चित्रे उमटवून पाहू लागले. ज्या वयात मुलांना वडिलांच्या कामाच्या वस्तूंना हात लावू नका अशी ताकीद मिळते, त्या वयात फाळक्यांच्या मुलांनी वडिलांना खेळण्याशी खेळताना पाहिले. फरक एवढाच, की मुलांचा खेळ सायंकाळी संपे. दादासाहेबांचा रात्र सरली तरी संपत नसे. मिळेल तो चित्रपट ते रोज तासन्‌तास पाहत आणि उरलेला वेळ पुस्तके व प्रयोग यांत घालवत. झोप अवघी दोनतीन तास. या अविश्रांत श्रमांचा परिणाम डोळ्यांवर झाला आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. चित्रांच्या शोधात निघालेल्या माणसापुढे अंधार पसरला. कुटुंबावर ओढवलेला तो कठीण प्रसंग होता. सुदैवाने एका कुशल डॉक्टरांच्या उपचारांनी आणि निरनिराळ्या चष्म्यांच्या साहाय्याने त्यांची दृष्टी परत आली. घरच्यांनी या वेळी त्यांना हा नाद सोडण्याचा आग्रह धरला असता, तर त्यात काही गैर नव्हते. परंतु सरस्वतीबाई त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

चित्रपट तयार करण्याची विद्या शिकण्यासाठी इंग्लंडला जाणे आवश्यक होते. दादासाहेबांनी सुमारे १२,००० रुपयांच्या आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून १०,००० रुपये कर्ज काढले. विम्याचा तो पैसा म्हणजे मुलांच्या भवितव्याची तरतूदच होती. १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तेथे एका चित्रपटविषयक साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना मदत केली आणि प्रसिद्ध चित्रपटनिर्माते सेसिल हेपवर्थ यांनी आपला स्टुडिओ पाहण्याची संधी दिली. विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि कच्ची फिल्म यांची मागणी नोंदवून ते एप्रिलमध्ये स्वदेशी परतले. गिरगावातील जागा अपुरी पडल्यामुळे कुटुंबाने दादर येथील एका बंगल्यात बिऱ्हाड हलवले.

मे महिन्यात यंत्रसामग्री येऊन पोहोचली. सोबतच्या आकृत्या पाहून दादासाहेबांनी अवघ्या चार दिवसांत ती जोडली. आता प्रश्न होता मदतनिसांचा. पगारी नोकर ठेवण्यास पैसा नव्हता. आणि पैसा असता तरी हे काम जाणणारा मनुष्य कोठून मिळणार होता? यास्तव दादासाहेबांनी घरच्याच मंडळींना शिकवण्यास आरंभ केला. त्या काळी कच्ची फिल्म छिद्रांवाचून येत असे. तिच्या दोन्ही कडांना सारख्या अंतरावर छिद्रे पाडल्याखेरीज ती कॅमेऱ्यातून सरकत नसे. हे काम अंधारात, केवळ हाताच्या अंदाजाने करावे लागे. छिद्र किंचित चुकले तरी चित्र पडद्यावर थरथरे. सरस्वतीबाई हे काम शिकल्या. चित्रित झालेली फिल्म रसायनांत धुणे, ती रसायने प्रमाणात मिसळणे, हेही त्या शिकल्या. दिवसा ज्या हातांनी भाकरी थापली, तेच हात रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्म धूत असत.

कॅमेरा नीट चालतो की नाही, हे पाहण्यासाठी दादासाहेबांनी नटांचा शोध केला नाही. शेजारपाजारच्या मुलामुलींना गोळा करून त्यांनी त्यांचेच चित्रण केले. मुले जशी होती तशीच पडद्यावर उमटली. यंत्र उत्तम असल्याचे सिद्ध झाले आणि मुलांना कधी न विसरण्याजोगी मौज लाभली.

पुढचा प्रयोग त्याहून सुंदर होता. एका कुंडीत वाटाण्याचे बी पेरून दादासाहेबांनी ती कॅमेऱ्यासमोर ठेवली. कुंडी हलवायची नाही, कॅमेराही हलवायचा नाही, आणि ठरावीक अंतराने तिचे एकेक चित्र टिपत राहायचे, असा क्रम त्यांनी महिन्याहून अधिक काळ चालवला. बी रुजले, माती दुभंगून कोंब वर आला, पाने फुटली, वेल चढू लागला. ही वाढ इतकी सावकाश होते, की कितीही टक लावून पाहिले तरी डोळ्यांना ती दिसत नाही. परंतु ती सर्व चित्रे ओळीने वेगाने पडद्यावर दाखवताच महिन्याची वाढ पाहता पाहता डोळ्यांसमोर घडून आली. आपण एका सेकंदात अनेक चित्रे एकामागून एक पाहिली, की आपल्या दृष्टीस ती वेगळी न वाटता एकच हालते चित्र भासते. चित्रपटाचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे, आणि दादासाहेबांनी ते मूठभर मातीत आणि एका दाण्यात दाखवून दिले. अंकुराची वाढ या नावाने ओळखला जाणारा हा छोटा चित्रपट काही परिचित गृहस्थांनी पाहिला आणि त्यांनी पुढील कामासाठी कर्ज देण्याचे मान्य केले.

तरीही पैसा पुरेना. सरस्वतीबाईंनी आपले दागिने पुढे केले. असा हा संसार पणास लावून राजा हरिश्चंद्र या चित्रपटास प्रारंभ झाला. घर नटमंडळींनी भरून गेले. साठसत्तर माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाई करीत. दिवसा चित्रीकरण चाले. विजेच्या प्रखर दिव्यांची सोय नसल्यामुळे सूर्यप्रकाशावर भिस्त असे. नटांच्या चेहऱ्यांवर उजेड पडावा म्हणून पांढरी चादर ताणून सरस्वतीबाई भर उन्हात तासन्‌तास उभ्या राहत. सर्व मंडळी त्यांना आदराने काकी म्हणत असत.

त्या काळी चित्रपटात काम करणे हलके समजले जाई. तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री पुढे आली नाही. अखेर साळुंके नावाच्या, उपाहारगृहात काम करणाऱ्या एका तरुणाने ती भूमिका केली. स्त्रियांच्या भूमिका करणाऱ्या पुरुषांना स्त्रियांच्या हालचाली जमाव्यात म्हणून दादासाहेब त्यांना घरात लुगडी नेसून वावरण्यास आणि तांदूळ निवडण्यासारखी कामे करण्यास सांगत. चित्रपटात नोकरी आहे असे सांगण्याची ज्यांना लाज वाटे, त्यांनी आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात काम करतो असे सांगावे, अशी युक्तीही त्यांनी सुचवली होती.

यापेक्षाही अवघड प्रश्न होता तो राजपुत्र रोहिदासाचा. कथेत रोहिदास रानावनात हिंडतो आणि सर्पदंशाने मृत्यू पावतो. नाटकी मरणही अशुभ, या समजुतीने कोणतेही आईबाप आपला मुलगा त्या भूमिकेसाठी देण्यास धजेनात. अशा वेळी दादासाहेब आणि सरस्वतीबाई यांनी आपल्या भालचंद्रास उभे केले. थोड्याच काळामागे ज्याने पडद्यावरच्या जनावरांची वार्ता आश्चर्याने घरी आणली होती, तोच मुलगा आता स्वतः पडद्यावर जाणार होता. आपल्या पोटच्या मुलास खोटेखोटे का होईना, पण मृतवत पडलेला पाहणे आईला सोपे नव्हते. परंतु अंधश्रद्धेपुढे माघार घेतली असती, तर सारेच काम थांबले असते. भालचंद्राने आपले काम चोख बजावले.

सुमारे सात महिन्यांच्या परिश्रमांनंतर ३,७०० फूट लांबीचा चित्रपट तयार झाला. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन चित्रपटगृहात राजा हरिश्चंद्र प्रकाशित झाला. चित्रपट मूक होता. पण लहानपणापासून ऐकलेली कथा डोळ्यांदेखत घडताना पाहून लोकांची गर्दी लोटली. कर्ज फिटले आणि दादासाहेबांचे नाव सर्वतोमुखी झाले. त्या यशात एका गृहिणीच्या रात्रींच्या जागरणाचा आणि एका बालकाच्या धिटाईचा वाटा केवढा होता, हे मात्र पडदा पाहणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक होते.

त्याच वर्षी दादासाहेबांनी आपले बिऱ्हाड आणि काम नाशिकला हलवले. तेथे त्यांनी मोहिनी भस्मासुर, सत्यवान सावित्री, लंकादहन असे चित्रपट काढले. यांखेरीज त्यांनी आगकाड्यांच्या हालचालींचा एक गमतीदार चित्रपट आणि चित्रपट कसे तयार करतात हे समजावून सांगणारा दुसरा चित्रपटही तयार केला. आपली विद्या झाकून ठेवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. नाशिकच्या त्यांच्या संस्थेत शंभरावर माणसे एका मोठ्या एकत्र कुटुंबाप्रमाणे राहत. तेथे वाचनालय होते, बाग होती, आणि हरणे, पक्षी, साप असा लहानसा प्राणिसंग्रहही होता. अशा वातावरणात फाळक्यांची मुले वाढत होती.

त्यांची कन्या मंदाकिनी हिने १९१९ मध्ये कालियामर्दन या चित्रपटात बाळकृष्णाची भूमिका केली. त्या वेळी ती जेमतेम सात वर्षांची होती. चित्रपटाच्या आरंभी दादासाहेबांनी एक नवीच गोष्ट केली. कथेला सुरुवात करण्यापूर्वी त्यांनी मंदाकिनीचा चेहरा पडद्यावर आणला आणि आनंद, राग, भीती, आश्चर्य असे निरनिराळे भाव ती कशी दाखवते हे प्रेक्षकांना पाहू दिले. नंतर पाहता पाहता त्या मुलीचा कृष्ण होतो आणि कथा सुरू होते. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला; दादासाहेबांच्या बहुसंख्य चित्रपटांच्या फिती नष्ट झाल्या. परंतु कालियामर्दनाचा बराचसा भाग सुरक्षित राहिला आहे, आणि त्या चिमुरडीचे निर्मळ हास्य आजही पाहावयास मिळते. गवळणींची खोडी काढणारा तो कृष्ण इतका सहज वाटतो, याचे कारण अभिनयाचे धडे तिला कोणी छडी उगारून दिले नव्हते. जे घरात रोज चाले, तेच ती कॅमेऱ्यापुढे खेळली.

दादासाहेबांचे पुढील आयुष्य मात्र सुखाचे गेले नाही. भागीदारांशी न पटल्यामुळे काही काळ ते आपले काम सोडून काशीस जाऊन राहिले. पुढे ते परत आले. पण १९३१ मध्ये बोलपट सुरू झाला आणि काळाने झपाट्याने कूस पालटली. गंगावतरण हा १९३७ सालचा त्यांचा अखेरचा चित्रपट आणि त्यांनी दिग्दर्शित केलेला एकमेव मूळ बोलपट होय. मिळालेला पैसा त्यांनी पुनःपुन्हा नव्या प्रयोगांत घातला, संचय केला नाही. त्याची झळ कुटुंबास सोसावी लागली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. ज्यांनी एका मोठ्या उद्योगाचा पाया घातला, त्यांना अंतकाळी त्या उद्योगाने फारसे स्मरले नव्हते. पुढे १९६९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावे पुरस्कार सुरू केला. चित्रपटक्षेत्रातील कर्तृत्वासाठी आपल्या देशात दिला जाणारा तो सर्वोच्च सन्मान होय.

दादासाहेबांच्या चरित्रात यश आहे तसे दारिद्र्यही आहे. नव्या कल्पनेची किंमत द्यावी लागते, आणि ती एकट्या कल्पकाला नव्हे, तर त्याच्या साऱ्या घराला द्यावी लागते. फाळक्यांच्या घराने ती आनंदाने दिली, हे त्या घराचे मोठेपण आहे. मुलाने आणलेली नवलाची वार्ता तेथे हसण्यावारी गेली नाही. आईने अवघड यंत्रापुढे हात टेकले नाहीत. कुंडीतल्या वाटाण्याकडे महिनाभर पाहत राहणे कोणाला व्यर्थ वाटले नाही. घरात प्रत्येकाच्या हाताला काही तरी करून पाहण्याची मुभा होती, आणि केलेले बिघडले तर ते पुन्हा करण्याची सवयही होती. पुष्कळ पैसा किंवा मोठी साधने नसतानाही कला कशी वाढते, याचे उत्तर त्या घराच्या भिंतीवर मेणबत्तीच्या उजेडात उमटलेल्या पहिल्या चित्रांतच होते.